सतरंजीवरची पेशी

झाडाच्या फांद्या छाटायच्या असतील तर आधी काय करावं, असं मला कोणी विचारलं तर मी सांगतो, एक चांगला वकील गाठावा. लोक हसतात. मी मात्र थट्टा करत नसतो. अकोल्याच्या कोर्टात काळा कोट घालून मी उभी हयात काढली, पण ती बहुतेक भाडेकरार आणि प्रतिज्ञापत्रं करण्यातच गेली. ज्यांना युक्तिवाद म्हणता येईल असे माझे सगळे युक्तिवाद झाडांखाली झाले, एका भोक पडलेल्या सतरंजीपुढे. माझे अशील म्हणजे करवत, कोयता, शिट्टी आणि एकदा तर चहाचा थर्मास. थर्मासची केस मी हरलो.

याला जबाबदार एकच माणूस. त्यांना सगळे मामा म्हणत. कोणाचे मामा, हे कधी कोणी विचारलं नाही. राहणारे दर्यापूरचे, कामं मात्र अकोल्यापासून अमरावतीपर्यंत. मोठ्या झाडावर दोर टाकून चढायचं, घरावर आलेली किंवा वाळलेली फांदी कापायची आणि कौलाला धक्का न लावता खाली उतरवायची, हा त्यांचा धंदा. झाड मुळातून पाडायचं काम ते घेत नसत. "पाडाले काय लागते जी? ते तर म्हशीलेही जमते," म्हणायचे. अंगाने काटकुळे, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, गळ्यात दुपट्टा आणि गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा. तरुणपणी त्यांनी शेंदूरजनाघाटला संत्र्यांच्या बागांत छाटणी केली होती, पण तो विषय काढला की वैतागायचे. "संत्र्यावर चढलं काय अन् खाटेवर चढलं काय, एकच हाये!"

आमचं घर जठारपेठेत. मागच्या अंगणात कडुनिंब आहे आणि त्याची एक फांदी शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीवर गेली होती. शेजारी रोज सकाळी गच्चीवरून आधी फांदीकडे आणि मग माझ्याकडे बघायचे. शेवटी मी कोणाकडून तरी नंबर मिळवून मामांना बोलावलं. ते सकाळी सातला आले. बरोबर त्यांची मुलगी होती, तिशीतली, खांद्यावर दोराचं वेटोळं आणि चेहऱ्यावर कसलंच नवल नाही अशी. वडील वर चढले की खाली दोर सांभाळायचं काम तिचं. तिने झाडाखाली सतरंजी अंथरली आणि पोत्यातलं सामान काढून एका ओळीत मांडलं. मामांनी आमची बादली उपडी घातली, तिच्यावर बसले आणि गल्लीभर ऐकू जाईल असा पुकारा केला.

"कोयता, हाजीर हो!"

मला वाटलं, चढण्याआधी काही पूजाबिजा असेल. मुलीने कोयता उचलून समोर धरला.

"तू काहून वर येऊन राहिला?" मामांनी कोयत्याला विचारलं.

कोयता गप्प.

"वर गेल्यावर पयल्या अर्ध्या तासात माया हात तुले लागन का? हो का नाही, तेवढंच सांग."

कोयता तरीही गप्प. "खाली तयार," मामा म्हणाले, आणि मुलीने तो डावीकडे ठेवला.

त्या कोर्टात निकाल तीनच प्रकारचे. 'वर' म्हणजे कमरेला बांधून न्यायचं. 'घरी' म्हणजे पुन्हा पोत्यात. आणि 'खाली तयार' म्हणजे झाडाखाली हाताशी ठेवायचं. चढताना मामांच्या कमरेला एक बारीक दोरी असे आणि तिचं दुसरं टोक खाली मुलीच्या हातात. काही हवं झालं की मामा वरून ओरडत, "मागणी! कोयता!" मुलगी म्हणे, "मागणी मंजूर!" आणि कोयता दोरीला बांधून वर जाई. 'मंजूर' म्हटल्याशिवाय मामा दोरी ओढत नसत. 

हे सगळं कुठून आलं, ते मुलीनेच मला सांगितलं. धंद्याच्या सुरुवातीला मामा लागेल ते सगळं झोळीत भरून वर न्यायचे. एकदा एका चिंचेवर ते दोन करवती, कुऱ्हाड, कप्पी, डबा, छत्री आणि रेडिओ घेऊन चढले. करवत काढायला गेले की छत्री हाताला येई, छत्री अडकवायला गेले की डबा सांडे. संध्याकाळपर्यंत एकही फांदी कापली गेली नाही. झोळी डहाळीत अशी गुंतली की ती सोडवायला हातात फक्त डब्यातला चमचा उरला होता. खाली उतरल्यावर त्यांनी बायकोला सांगितलं, "आज झाडावर संसार थाटून आलो." दुसऱ्या दिवसापासून सतरंजी सुरू झाली.

तर त्या सकाळी बनियनवर चहाचा कप घेऊन मी हे बघत उभा होतो. आठ वाजून गेले होते आणि निकाल फक्त तीन लागले होते. मामांची नजर माझ्या घरावरच्या पाटीकडे गेली.

"तुमी वकील हाये न जी?"

"हो."

"मंग उभे काय राहिले? इतके साल या गरिबाईचे एकतर्फी निकाल लागून राहिले. कोनी बाजू मांडाले तरी पायजे का नाही?"

माझी पहिली केस दुपट्ट्याची. मी आधी हसत हसत सुरुवात केली, पण मामा इतकं मन लावून ऐकू लागले की माझा सूर बदलला. तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही, कोर्टात माझं बोलणं इतकं मन लावून कोणी ऐकलं नव्हतं. दुपट्ट्याने घाम पुसता येतो, डोळ्यात भुसा गेला तर काढता येतो, हात कापला तर बांधता येतो, उन्हात डोकं झाकता येतं आणि गळ्यात असल्यामुळे तो कशात अडकत नाही, असे मुद्दे मी ओळीने मांडले. मामांनी डोळे मिटून विचार केला आणि दुपट्ट्याला जन्मभराची परवानगी दिली. मला त्या दिवशी जेवण गोड लागलं. फांदी प्रत्यक्ष उतरवायला पंचवीस मिनिटं लागली. पेशी, म्हणजे सुनावणी, साडेअकरापर्यंत चालली होती.

त्यानंतर कोर्टात तारीख नसली की मी मामांबरोबर जायला लागलो, आणि मला तारीख क्वचितच असे.

आमच्याच अंगणात खर्ऱ्याची केस आली तेव्हा मोठाच पेच पडला. मामा बादलीवरून उठले आणि म्हणाले, "यात जज सोताच गुंतला हाये. हे केस मी आयकू शकत नाही. नागपूरले पाठवा." आमच्याकडच्या केसेस अपिलात नागपूरला जातात, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. आता झाडाखाली नागपूर कुठून आणायचं? मामांनी स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. माझी बायको ओले हात पदराला पुसत बाहेर आली, तिने दोन्ही बाजू ऐकल्या आणि निकाल दिला : खर्रा वरही नाही, खालीही नाही, घरीही नाही, थेट नालीत. मामांनी पुडी स्वतःच्या हाताने नालीत टाकली. त्या दिवशी झाडावर ते कोणाशी बोलले नाहीत आणि उतरल्यावर पहिल्या पानठेल्याकडे निघून गेले. पण तेव्हापासून माझ्या बायकोचं नाव नागपूर पडलं. "नागपूरची तब्येत बरी हाये न?" असं ते फोनवर विचारायचे.

मामांच्या कायद्यात एक मोठी खोट होती, आणि ती माझ्या लक्षात आली होती. अर्ध्या तासात हात लागणार असेल तर वर, हा नियम करवतीला ठीक आहे. पण हेल्मेटला काय? आणि दुसऱ्या पट्ट्याला? मामा एका पट्ट्याने स्वतःला फांदीला बांधून घेत. कापताना शेजारी आणखी एक पट्टा बांधायचा असतो, पहिल्याला काही झालं तर असावा म्हणून. हे दोघे बिचारे दर पेशीला हजर व्हायचे आणि दर पेशीला हरायचे.

"मामा, हा पट्टा मुळात कामी न येण्यासाठीच असतो," मी एकदा चिडून म्हणालो. "तो कामी आला नाही, हीच त्याची नोकरी."

"मंग खाली पडून राह्यला तरी तो कामी येतच नाही," मामा शांतपणे म्हणाले. "नोकरी चालूच हाये न त्याची. तक्रार काय हाये?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि पट्टा निमूटपणे डावीकडे ठेवला. तिला स्वतःला वर चढायचं होतं, हे मला दिसत होतं. अंगण रिकामं असलं की ती दोरावर अर्ध्या झाडापर्यंत जाऊन यायची, आणि मामांपेक्षा हलकी जायची. पण मी विषय काढला की मामांचं उत्तर ठरलेलं : "तिची केस अजून बोर्डावर नाही आली," म्हणजे आजच्या यादीत नाही.

मग अमरावतीचं काम आलं. एका शाळेच्या आवारात चिंच होती आणि तिची मोठी फांदी वर्गांच्या टिनाच्या छपरावर आली होती. एप्रिल महिना, परीक्षा संपलेल्या, आवारात फक्त हेडमास्तर आणि शिपाई. पेशी नेहमीसारखी झाली. हेल्मेट हरलं, दुसरा पट्टा तर थेट 'घरी' म्हणून पोत्यात गेला. मामा वर गेले, दोन मजले उंचीवर बसले, पट्टा बांधला आणि करवत लावली. आम्ही खाली उभे. करवतीचा आवाज अचानक थांबला.

"वकीलसायेब," वरून अगदी साधा आवाज आला. "पट्टा कटला."

"किती?"

"थोडा राह्यला."

करवत घसरून त्यांच्याच पट्ट्यात शिरली होती. मामांनी एका हाताने फांदी कवटाळली होती आणि पाय अधांतरी होते. मुलीने एका क्षणात पोत्यातून दुसरा पट्टा काढून बारीक दोरीला बांधला आणि ओरडली, "बाबा, ओढा!"

मामांनी दोरीला हात लावला नाही.

"निकाल उभा हाये," ते वरून म्हणाले. "तो पट्टा 'खाली तयार' नाही. त्याले आज 'घरी' केलं होतं. वकीलसायेब, फेरविचाराचा अर्ज करा."

"मामा, चुलीत घाला तो अर्ज!"

"कोर्टाशी नीट बोला जी."

हेडमास्तरांनी माझ्याकडे बघून विचारलं, "कोणतं कोर्ट?" मुलगी चप्पल काढून म्हणाली, "मी येते वर." मामा तिच्यावर ओरडले, "तू कायले येशीन? तुयी केस बोर्डावर नाही!" मग मी सतरंजीपुढे उभा राहिलो, हात जोडले, आणि चिंचेच्या शेंड्याकडे मान करून फेरविचाराचा युक्तिवाद सुरू केला. असा युक्तिवाद मी जन्मात केला नाही आणि करणार नाही.

"नवीन पुरावा काय हाये?" वरून प्रश्न.

"पुरावा तुमच्या कमरेला लोंबतोय!"

"ते खरं हाये," मामा म्हणाले. "पन यात जज सोताच गुंतला हाये. नागपूरले लावा."

मी फोन लावला. बायको गच्चीवर पापड घालत होती. मी दोन वाक्यांत सगळं सांगितलं. ती इतक्या जोरात बोलली की शिपायालाही ऐकू गेलं : "त्यांना म्हणावं आधी तो पट्टा बांधा! निकाल मी मागून देते. माझ्या हाताला पीठ आहे."

"अंतरिम आदेश!" मी वर ओरडलो. "आधी पट्टा, निकाल मागून!"

"असं म्हना न मंग," मामा म्हणाले. "आदेश हाये म्हटल्यावर बोलाच काय." त्यांनी दोरी ओढली, पट्टा वर गेला, बांधला गेला. कडीचा आवाज खाली आला तेव्हा मुलगी सतरंजीवर मटकन बसली. हेडमास्तरांनी आम्हा सगळ्यांना पाणी दिलं आणि पुन्हा काही विचारलं नाही.

परतताना दर्यापूरची जीप भरायची वाट बघत आम्ही स्टँडवर तिच्यातच बसलो होतो. मुलगी पुढे ड्रायव्हरच्या बाजूला, मी आणि मामा मागे, मांडीवर दोर. मी संतापून बाहेर बघत होतो. मामांनीच मला कोपराने ढोसलं.

"वकीलसायेब, मी टाइम घेऊन राहिलो होतो."

"कसला टाइम?"

त्यांनी दुपट्ट्याखालून उजवा हात बाहेर काढला. बोटं थरथरत होती. जीप उभीच होती, इंजिन बंद होतं, म्हणजे हादऱ्यावर ढकलायलाही जागा नव्हती.

"दोन साल झाले," ते हळूच म्हणाले. "करवत त्याच्यानंच घसरली. तवा दोरी ओढली असती तर पोरगीच्या हाताले समजलं असतं. म्हून म्हटलं, चालू द्या कोर्ट जरासं. हात थंडा होऊ द्या. तिले सांगू नका जी."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी त्यांचा हात पुन्हा दुपट्ट्याखाली ढकलला आणि सांगितलं की वकील आपल्या अशिलाची गोष्ट बाहेर बोलत नसतो. आयुष्यात पहिल्यांदाच मला ते वाक्य खरोखर उपयोगी पडलं. दर्यापूर येईपर्यंत मला त्यांचीच काळजी लागून राहिली.

जूनच्या तोंडाशी आमच्या कडुनिंबाची फांदी पुन्हा टाकीवर गेली. शेजारी पुन्हा गच्चीवर. मामा आणि मुलगी सातला आले, सतरंजी पसरली गेली. करवत, कोयता, कप्पी, मोठा दोर, दोन पट्टे, हेल्मेट अशी ओळ लागली. मी कोट घालूनच आलो होतो. पण मामा बादलीवर बसले नाहीत. ते ओळीच्या शेवटी, हेल्मेटच्या शेजारी, सतरंजीवर मांडी घालून बसले.

"मामा, हे काय?"

"मायी पेशी हाये आज. वर जायाचं का नाही, त्याची. जज गुंतला हाये, म्हून नागपूरले बोलवा. अन् तुमी मायाच बाजूनं लढाचं. वर जायाच्या बाजूनं."

बायको आली. तिने आधी माझ्याकडे पाहिलं. जीपमधली गोष्ट मी तिलाही सांगितली नव्हती. ती पदर खोचून बादलीवर बसली. मी उभा राहिलो आणि माझ्या ध्यानात आलं की माझ्या अशिलाने हरावं असं मला मनापासून वाटतंय. जिंकलो तर एक दिवस हा माणूस झाडावरून पडेल. हरलो तर आज, माझ्या अंगणात, त्याचं सगळं संपेल. मी जे खरं होतं ते बोललो : की यांच्यासारखी फांदी उतरवणारा माणूस दोन्ही जिल्ह्यांत नाही, की यांच्या हातून आजवर एक कौल फुटलं नाही, की कोणत्या फांदीचा भार कुठे आहे हे यांना खालून बघूनच कळतं.

बायकोने नियमाप्रमाणे एकच प्रश्न विचारला. "वर गेल्यावर पहिल्या अर्ध्या तासात यांचा हात कामाला लागेल का?"

उत्तर मामांनीच दिलं. त्यांनी दुपट्ट्यातून उजवा हात काढला आणि सगळ्यांना दिसेल असा सतरंजीवर ठेवला.

"लागन," ते म्हणाले. "पन हाच हात लागन."

मामांनी मान वळवून मुलीकडे पाहिलं, फार मोठी चोरी पकडली गेल्यासारखं. ती जवळ आली आणि त्यांच्यापुढे उकिडवी बसली.

"मले मालूम हाये, बाबा," ती म्हणाली. "दोरीचं दुसरं टोक मायाच हातात असते न. दोन साल झाले, थरथर खाली येते."

"मंग बोलली काहून नाही, माय?"

"तुमी बोलले का?"

बायकोने डोळ्यांना पदर लावला, मग जजाला शोभेल अशी ताठ बसली आणि निकाल दिला. "वर नाही." मामांची मान खाली गेली. "घरी पण नाही," ती म्हणाली. "खाली तयार. मागणी आली तर पाठवायचं."

मुलीने ओळीतलं हेल्मेट, पट्टे आणि करवत उचलून अंगावर चढवली. मग मामा उठले, दुपट्टा गळ्यातून काढला, आणि मुलीच्या नावाचा पुकारा केला, "हाजीर हो!" ती हजरच होती. हेल्मेट घातलेलं, दोन्ही पट्टे कमरेला, करवत म्यानात. तिची बाजू मांडायला मी पुढे झालो, पण मामांनी मला हाताने थांबवलं. बारीक दोरी त्यांनी स्वतः तिच्या कमरेला बांधायला घेतली. गाठ दोनदा सुटली, तिसऱ्यांदा बसली. तोवर ती हलली नाही.

ती वर गेली. मामा झाडाखाली दोरीचं टोक धरून उभे राहिले, मान वर, तोंड अर्धवट उघडं. इतके दिवस खाली उभं राहून वर बघत बसण्याचं जे काम मी केलं ते आता ते करत होते, आणि त्यांना ते मुळीच जमत नव्हतं. दर मिनिटाला पाय बदलत होते. फांदीच्या बेचक्यात जाऊन तिने दोन्ही पट्टे बांधले, कड्यांचे दोन आवाज आले. करवत काढली आणि थांबली. फांदीकडे एका बाजूने बघितलं, दुसऱ्या बाजूने बघितलं.

"मागणी!" तिने वरून हाक दिली.

मामांनी घाईने सतरंजीकडे पाहिलं. "कोयता का कप्पी?"

"बाबा!" ती म्हणाली. "हे फांदी कापली तर टाकीवर जाईन का आंगनात? भार कोनीकडं हाये?"

मामा माझ्या बायकोकडे वळले आणि हात जोडून नियमाप्रमाणे उभे राहिले.

"मागणी आली हाये जी," ते म्हणाले.

"मंजूर," नागपूर म्हणालं.

मामांनी दोन्ही हात दोरीसकट दुपट्ट्यात गुंडाळले, मान वर केली आणि सांगायला सुरुवात केली. "माय, भार टाकीकडं हाये. आधी दोर वरच्या बेचक्यात टाक. मंग खालून चार बोटं चीर घे. घाई करू नको, मी हाये इथं." आवाज बिलकुल कापत नव्हता.